मेणाच्या बारा वाट्या

आमच्या ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, एकतीस वर्षं हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणतात. लग्न त्यांनी केलं नाही. आमच्याच घरात गच्चीला लागून असलेल्या वरच्या खोलीत राहतात. त्यांच्या हाताच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या. एक, तो कधी थरथरत नाही. दुसरी, त्याला कायम स्पिरिटचा वास येतो. पर्समध्ये कंगवा नसेल एखादवेळी, पण कापूस आणि स्पिरिटची छोटी बाटली असणारच. बसमधला दांडा धरला तरी उतरल्याबरोबर बोटं पुसतात. आमचे हे म्हणतात, "लहानपणी मी पडलो तर रडायचोच नाही. ताईला कळलं की जखमेपेक्षा औषध जास्त झोंबायचं."

निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता जरा निवांत होतील. पहिल्या आठवड्यात मी पहाटे दूध घ्यायला दार उघडलं, तर ताई दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर पर्स.

"ताई, कुठे निघालात?"

"कुठे नाही गं. उठलेच होते."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पावणेसहाला ड्यूटीसाठी निघायची वेळ, त्या वेळी त्या तयार होऊन बसायच्या आणि जायला कुठे नसायचं. मी चहा हातात द्यायचे, त्या कप धरून दाराकडे बघत राहायच्या, चहा निवून जायचा. असे चार महिने गेले. दुपारी त्या घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उकळून काढायच्या. मी काही बोलायचे नाही. माणसाला काहीतरी उकळू द्यावं लागतं.

मग एक दिवस पेटीवाले आले. खरं तर ते शेतकरी. गावाबाहेर त्यांच्या मळ्यात मधमाशांच्या पेट्या आहेत, म्हणून आम्ही पेटीवाले म्हणतो. त्यांची नात सातव्या महिन्यात झाली होती, पावणेदोन किलोसुद्धा नव्हती, आणि ताईंनी तिला दोन महिने कापसात सांभाळली होती. ती नात आता शाळेत जाते आणि शेजारच्या मुलांना मारते, असं ते कौतुकानं सांगत होते. येताना दोन पेट्या घेऊन आलेले.

"सिस्टर, तुम्हाला लहान जिवांची सवय आहे. ठेवा गच्चीवर."

"मला? मला चावल्या म्हणजे?"

"तुम्ही इतक्यांना सुया टोचल्यात, चार-दोन तुम्हाला टोचल्या तर काय बिघडलं?"

दोन दिवस राहून त्यांनी ताईंना सगळं शिकवलं. त्यानंतर सकाळी ती दारापाशची खुर्ची रिकामी दिसायला लागली. ताई गच्चीवर असायच्या, चहाही वरच मागवायच्या, आणि तो गरम असतानाच संपायचा.

दोन पेट्यांतली एक अगदी गरीब. झाकण काढलं तरी माशा आपल्या कामात. दुसरीच्या मात्र नाकावर राग. कुणी जोरात शिंकलं तरी चार जणी चौकशीला यायच्या. ह्यांनी पहिलीचं नाव ठेवलं 'शहाणी' आणि दुसरीचं 'चिडकी'.

आमच्या गच्चीच्या भिंतीला लागून खाली टेलरकाकांचं अंगण. ते पत्र्याच्या सावलीत मशीन घेऊन बसतात, तोंडात टाचण्या धरून. एक दिवस चिडकीतल्या माशीनं त्यांच्या पापणीवर डंख मारला. चार दिवसांनी मापं द्यायला आलेली एक बाई गळ्यातल्या टेपसकट रस्त्यावर पळाली. टेप परत आली, बाई आली नाही. त्या संध्याकाळी टेलरकाका आमच्या दारात उभे राहिले. एक डोळा अजून मिटलेला.

"सिस्टर, तुमच्या हातचं इंजेक्शन माझ्या आईला कधी दुखलं नाही. पण तुमच्या माशांचं मला फार दुखतंय."

ताई खाली मान घालून बर्फ आणायला वळल्या. टेलरकाकांनी थांबवलं.

"बर्फ नको. ऐका. गणवेशांचं काम सुरू झालं की मला अंगणात तीन मशिनी लावाव्या लागतात, तीन माणसं बसतात. अजून साडेतीन महिने आहेत. तोवर त्यांना शिस्त लावा, नाहीतर दोन्ही पेट्या हलवा. एक ठेवली आणि एक नेली, तर राहिली ती कुठली, हे मी बघायला वर येणार नाही. आपला इतक्या वर्षांचा शेजार आहे, मला कुठे तक्रार करायची नाही."

माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. ताई फक्त "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं, तर त्या खुर्चीत, मांडीवर पर्स. 

पेटीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पेटीचा स्वभाव राणीमाशीवर जातो. सगळ्या तिच्याच लेकी ना! चिडकीची राणी काढा आणि शहाणीच्या पोटची राणी तिथे बसवा. जुन्या माशा दीड-दोन महिन्यांत आपोआप सरतात, नव्या येतात त्या नव्या आईच्या."

"मग एक राणी पाठवा की."

"यंदा माझ्याकडे एकही जादा नाही, सिस्टर. तुम्हीच करा."

राणी करायची कशी, ते त्यांनी फोनवर सांगितलं आणि ताईंनी केसपेपर लिहावा तसं वहीत उतरवून घेतलं. मला सर्वांत नवल वाटलं ते हे, की राणीचं अंडं काही निराळं नसतं. साध्या कामकरी माशीची अळी, अंड्यातून निघून एक दिवसही न झालेली, पोळ्यातल्या तिच्या घरातून अलगद उचलायची आणि मेणाच्या छोट्या वाटीत ठेवायची. अशा बारा वाट्या एका पट्टीवर उलट्या टांगायच्या. ती पट्टी जिच्यात राणीच नाही अशा एका छोट्या पेटीत सोडायची. आईवाचून कासावीस झालेल्या त्या माशा वाटीतल्या अळीला खास दूध पाजतात, वाटी वाढवून शेंगदाण्याएवढं घर करतात, आणि त्यातून राणी निघते. त्याआधी एक दिवस रिकाम्या वाट्या पेटीत ठेवायच्या, म्हणजे माशा त्या चाटूनपुसून आपल्याशा करून घेतात.

शहाणीतल्या काही माशा काढून छोटी पेटी तयार केली. वाट्या तिच्यात एक दिवस ठेवल्या. मग माझं स्वयंपाकघर वॉर्ड झालं. पंखा बंद, खिडक्या बंद, ओट्यावर उकळलेला पंचा, टेबलावर दिवा, ताईंच्या डोळ्यांवर ह्यांचा भिंगाचा चष्मा. शहाणीतली पोळ्याची चौकट, अळ्यांनी भरलेली, ओल्या, कोमट पंच्यात गुंडाळून मी धरली होती. अळी म्हणजे केवढी? छापलेल्या स्वल्पविरामाएवढी, दुधाच्या थेंबावर तरंगणारी. ताईंनी सर्वांत बारीक ब्रश तिच्याखालून सरकवला.

"चल बाळा. पालथं नाही पडायचं हं," त्या पुटपुटल्या. मला म्हणाल्या, "एकाच अंगानं श्वास घेतं हे. उलटं पडलं की संपलं."

बारा अळ्या, बारा वाट्या, तेरा मिनिटं. हात एकदाही हलला नाही. बघत राहावं असं काम होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी वर काढली, तर बाराही वाट्या रिकाम्या. मेलेल्या अळ्या नाहीत, काही नाही. घासूनपुसून ठेवल्यासारख्या लख्ख.

"बाराही गेली," ताई म्हणाल्या, आणि पट्टी माझ्या हातात देऊन खाली निघून गेल्या.

ह्यांनी जेवताना वातावरण हलकं करायला म्हटलं, "अगं ताई, त्या माशा आहेत. पेशंटचे नातेवाईक नाहीत, जाब विचारायला येणार नाहीत."

"तू भात खा," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळं बदललं. ब्रश नवा, वेळ सकाळची, अळ्या आणखी लहान. वाट्या पुन्हा एक दिवस पेटीत ठेवल्या होत्या. ह्या वेळी बारा पट्टीवर आणि एक जादा, पेटीच्या आतल्या कडेला चिकटवलेली. अळ्या उचलायच्या आधी पट्टी ओट्यावर ठेवून ताई कोपरापर्यंत हात घासायला न्हाणीघरात गेल्या. मी पट्टी जरा उजेडात सरकवायला गेले आणि टोकाची एक वाटी सुटून खाली पडली. मी मागे सरले आणि नेमका तिच्यावरच पाय दिला. मेणाचा नुसता चपटा ठिपका.

ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी सगळंच पहिल्यापासून सुरू केलं असतं, आणि पंच्याखालच्या अळ्या तोवर वाळल्या असत्या. मी तोंडावर जाळी ओढली, धावत गच्चीवर गेले, देवाचं नाव घेत छोट्या पेटीचं झाकण उचललं, जादा वाटी सोडवली, तिच्यावरच्या दोन माशा फुंकून उडवल्या आणि खाली येऊन ती पट्टीच्या डाव्या टोकाला बसवली. ताई हात वर धरून, ऑपरेशनला निघाल्यासारख्या आत आल्या.

"धापा का टाकतेस?"

"गरम होतंय ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. अकरा वाट्या रिकाम्या. डाव्या टोकाच्या वाटीवर मात्र माशांचा घोस लोंबत होता. ताईंनी हलकेच फुंकर घातली, माशा बाजूला झाल्या. वाटीचा काठ वाढवलेला आणि आत दुधाचं तळं, त्यात स्वल्पविराम जरा जाड झालेला.

"जगलं!" ताई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की खालून टेलरकाकांचं मशीन थांबलं. मग त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं. "हीच का गं? ब्रश तोच, हात तोच, अळ्या एकाच चौकटीतल्या. हिच्यात वेगळं काय?"

मला वेगळं काय ते माहीत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. शिवाय चोरी कबूल करायची लाज. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मोठ्या नणंदेपुढे वाटी फुटल्याचं सांगताना जीभ जड होतेच. ताईंनी पेटीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "एक लागली ना? मग लागतील. पण एकीवर भिस्त ठेवू नका, आणखी एकदा करा."

तीन दिवसांनी तिसऱ्या खेपेची तयारी. ताई टेबलाशी बसल्या होत्या. पेटीतून आणलेली नवी पट्टी समोर, आणि त्या एकेक वाटी कापसाच्या बोळ्यानं आतून पुसत होत्या. पहिल्या दोन्ही खेपांना त्यांनी हेच केलं होतं. मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. ताई आणि हातात कापसाचा बोळा, हे मी सून म्हणून आले तेव्हापासून बघतेय. तुम्ही घरातल्या भिंतीकडे बघता का?

स्पिरिटचा वास नाकात गेला आणि माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"ताई, थांबा. गेल्या खेपेची ती डाव्या टोकाची वाटी पुसलेली नव्हती."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. पायाखाली आलेली वाटी, गच्चीवरची धाव, फुंकून उडवलेल्या माशा. "धुतली नाही, पुसली नाही, तशीच लावली," मी म्हटलं आणि बोलणी खायला तयार झाले.

 ताईंनी आपली बोटं नाकाशी नेली. मग अजून न पुसलेली एक वाटी उचलून हुंगली. बराच वेळ हुंगत राहिल्या. माझ्या नाकाशी धरली. मेण, मध आणि आणखी काहीतरी उबदार, पेटीचं झाकण काढल्यावर येतो तो वास. मग पुसलेली वाटी धरली. हॉस्पिटल.

"पेटीवाले म्हणाले होते, माशा पुसून घेतात. मला वाटलं, माशा त्या काय पुसणार! त्यांच्यावर मी पुसलं." त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "आमच्याकडे आंघोळ घातलेलं बाळ आईच्या हातात दिलं ना, की कित्येक बायका आधी त्याचं डोकं हुंगायच्या. तोंड नंतर बघायच्या. एकतीस वर्षं बघितलं गं मी हे, आणि यांना मात्र दवाखान्याच्या वासाची पोरं नेऊन दिली."

"मला आधीच सांगायला हवं होतं."

"सांगायला हवंच होतं. तीन दिवस पोटात ठेवलंस! आणि वाटी तुडवलीस ते वेगळंच." मग स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावून त्या म्हणाल्या, "बरं झालं तुडवलीस."

त्या दिवशी वाट्या परत पेटीत गेल्या, पुसलेल्या वितळवून नव्या केल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी हात नुसत्या पाण्यानं धुतले. त्यांना ते इतकं जड गेलं की हात कुठे ठेवावेत कळेना. पेटीवाल्यांनी सांगितल्यावरून बोटांना थोडं जुनं मेण चोळलं. ह्यांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "ताईचे हात मळलेले! थांबा, फोटो काढतो."

बारांपैकी दहा लागल्या.

ती पहिली एकटी वाटी सगळ्यांच्या आधी तयार होणार होती, म्हणून चिडकीत तीच द्यायची ठरली. ह्या वेळी पेटीवाले स्वतः आले. जुनी राणी मारायला ताई तयार नव्हत्या. "माझ्याच्यानं नाही होणार," एवढंच म्हणाल्या. पेटीवाल्यांनी काडेपेटीला भोकं पाडली, राणी आणि तिच्या पाच-सहा दासी आत घातल्या आणि खिशात ठेवल्या. "माझ्या मळ्यात शेजारी नाहीत. चिडू दे हवं तेवढं." जाताना उरलेल्या राणीघरांपैकी आठ मऊ कापडात गुंडाळून घेऊन गेले. "पहिल्या वर्षी माझी एकच लागली होती, सिस्टर," हे त्यांनी गाडीत बसल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं कोण जाणे.

राणी बाहेर आली. मग वाट बघणं आलं. नवी राणी एकदा-दोनदा उंच उडून जाते, आकाशात नरांशी जुळते आणि परतली तर परतली. वाटेत पक्ष्यानं टिपली की सगळं मुसळ केरात. आणि त्याच आठवड्यात समोरच्या तारेवर एक काळा पक्षी रोज येऊन बसायला लागला. ताई गच्चीत ताट वाजवत उभ्या. त्या दमल्या की मी. एक दिवस ह्यांना उभं केलं, ते ऑफिसला तासभर उशिरा गेले. साहेबांना कारण काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी ताईंनी चिडकीची मधली चौकट उचलून उन्हाकडे धरली. मी मागे उभी. 

"ताई?"

"ये. बघ. घराच्या तळाशी."

प्रत्येक घरात एक, सुईच्या टोकाएवढं, पांढरं, उभं अंडं. एकही घर चुकलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. ताईंनी वहीत तारीख लिहिली आणि पुढे दोन शब्द : आई सुखरूप.

पुढचे दोन महिने बदल इतका हळू झाला की कुठल्या दिवशी झाला ते सांगता येणार नाही. आधी मी वाळत घातलेले कपडे काढायला जाळीशिवाय जायला लागले. मग एकदा हे पेटीशेजारी चक्क शिंकले, मोठ्यांदा, आणि कुणी चौकशीला आलं नाही. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी खात्री करायला पुन्हा शिंकून दाखवलं, ते खोटं होतं, पण तेही चाललं.

गणवेशांचं काम सुरू झालं. खाली तीन मशिनी लागल्या, निळ्या कापडाचे ढीग पडले. ताई चार दिवस गच्चीच्या भिंतीपाशी उभ्या राहून खालचा कानोसा घ्यायच्या. पाचव्या दिवशी टेलरकाका दारात आले, आणि ताईंचा चेहरा उतरला.

"सिस्टर, आभार मानायला आलो," ते म्हणाले. "इतके दिवस झाले, एकालाही चावली नाही. तुम्ही शब्द पाळलात. पेट्या हलवल्यात, मला वाईट वाटलं हो. तुमचा जीव होता त्यांच्यात."

 ह्यांनी ताईंकडे बघून डोळा बारीक केला, म्हणजे आता काही बोलू नकोस. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. पण ज्या बाईनं एकतीस वर्षं बाळाचं वजन ग्रॅमनं लिहिलं, ती कसली गप्प बसते.

"पेट्या हलवल्या नाहीत," ताई म्हणाल्या. "दोन्ही वरच आहेत. राणी बदलली."

टेलरकाकांचा हात आपोआप पापणीकडे गेला.

"दोन्ही?"

"दोन्ही. वर या, दाखवते. नाही पटलं तर उद्या हलवते."

ते आले, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. ताईंनी जाळी न घालता चिडकीचं झाकण काढलं, चौकट उचलली, माशांनी भरलेली, आणि त्यांच्या दिशेनं दोन पावलं आल्या. माशा चौकटीवर नुसत्या चालत होत्या. टेलरकाकांनी आधी एक पायरी खाली घेतली. मग दोन वर घेतल्या. खिशातला चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना लावला.

"ही लांबट आहे ती?"

"ती."

"हिला तुम्ही तयार केलीत?"

"मी ठेवली. वाढवली माशांनी." मग माझ्याकडे मान वळवून, "आणि हिनं वाटी तुडवली."

टेलरकाकांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. ते चौकटीवर नाक जवळ नेऊन बघत होते. "टाके बघा हो, सगळी घरं एका मापाची," ते स्वतःशीच म्हणाले. मग सरळ झाले. "राहू द्या, सिस्टर. माझ्याकडे बसणाऱ्यांना मात्र सांगू नका वर काय आहे ते. घाबरून मापं चुकवतील."

ते खाली गेले. थोड्या वेळानं मशिनी परत सुरू झाल्या. ताई पेटीचं झाकण लावून भिंतीवर बसल्या आणि कितीतरी वेळ तो आवाज ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला उठले. दाराजवळची खुर्ची रिकामी. चहा घेऊन गच्चीवर गेले, तिथेही कुणी नाही. क्षणभर काळजी वाटली, म्हणून ताईंच्या खोलीचं दार हळूच लोटलं. सकाळचे साडेसहा वाजून गेले होते, उजेड पलंगावर आला होता आणि ताई चांगल्या घोरत होत्या, एक हात पलंगाबाहेर लोंबत. नखांत मेण होतं.

मी चहा उशाशी ठेवला नाही. परत खाली आणला आणि मीच प्यायले.